साईड इनकम सुरू करायचंय? मग आधी ताशी हातात किती उरतं ते काढा

साईडला काय काम करू असं कुणी विचारलं की लोक लगेच यादी फेकतात, ट्यूशन घे, चॅनेल काढ, डिलिव्हरी कर, ऑनलाइन विक. यादी चुकीची नसते पण तिचा उपयोगही फार नसतो, कारण तेच काम एकाला परवडतं आणि दुसऱ्याला खड्ड्यात घालतं. मी स्वतः नोकरी सांभाळून भाषांतराची कामं करते, बरीच वर्षं झाली, आणि पहिलं वर्षभर मला वाटत होतं की मस्त कमावतेय. मग एकदा वही घेऊन नीट हिशोब मांडला आणि गप्पच बसले. तो हिशोब पुढे सांगतेच. आधी क्रमाने काय काय करायचं ते बघू. आणि यातले आकडे नुसते समजायला घेतलेत, आपापल्या चलनात वाचा.

पायरी १: नेमके किती हवेत आणि कशासाठी

"थोडे जास्त मिळाले तर बरं" हे काही टार्गेट नाही. कागदावर लिहा, महिन्याला किती कमी पडतात आणि ही कमतरता कायमची आहे का तात्पुरती. मुलाची वर्षभराची फी भरायचीय तर ते एकदाचं काम आहे, त्यासाठी सहा महिने जोर लावून नंतर थांबता येतं. पण घरखर्चच दर महिन्याला भागत नसेल तर कायम झेपेल असं काम लागणार, म्हणजे झोप मोडून केलेलं चालणार नाही. दोन्हींची निवड वेगळी.

आणि इथेच एक गोष्ट तपासून घ्या, क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे का. समजा २०,००० थकलेत आणि महिन्याला ३ टक्के व्याज लागतंय, तर दर महिन्याला ६०० नुसते व्याजात जातात. ही थकबाकी आधी मिटवली तर काही काम न करता महिन्याला ६०० वाचले की. जुनं सामान विकून, ठेव मोडून, कसंही. एकीकडे रात्र रात्र जागून कमवायचं आणि दुसरीकडे ते व्याजात घालायचे, याला अर्थ नाही.

पायरी २: वेळ खरंच किती आहे ते मोजा

आठवड्यात १६८ तास. रोज ८ तास झोप धरली की ५६ गेले. नोकरी ४८, जाणंयेणं १२. अंघोळ, जेवणखाण, घरकाम, मुलं असं मिळून रोजचे ४ तास धरले, जे बाईच्या बाबतीत हमखास कमीच धरलेले असतात, तरी २८. उरले २४. वाटतं, अरे वा २४ तास! पण त्यातच आजारपण, पाहुणे, बँकेची कामं, आणि नुसतं भिंतीकडे बघत बसायचा वेळ पण असतो, तो पण लागतो माणसाला. म्हणून जे उरतील त्याच्या निम्मेच धरा. म्हणजे १२. सुरुवातीला तर ८ च्या वर जाऊच नका.

हे अंदाजाने लिहू नका. एक आठवडा वहीत दर अर्ध्या तासाला काय केलं ते टिपा, मोबाईलमध्ये टिपलं तरी चालेल. कंटाळवाणं आहे, माहितेय. पण त्यातून अजून एक कळतं, ते म्हणजे डोकं कधी चालतं. माझं रात्री साडेदहानंतर चालत नाही, तेव्हा केलेली पानं मला सकाळी परत करावी लागायची, म्हणजे एका पानाला दोनदा वेळ. आता पहाटे पाच ते साडेसहा करते. पण रात्री हातांनी करायचं काम, पॅकिंग, शिवण, हिशोब भरणं, हे बरं जमतं. तेव्हा कुठला वेळ रिकामा आहे त्यावरून कुठलं काम घ्यायचं हे निम्मं ठरतं.

पायरी ३: कामाचा प्रकार निवडा, नाव नंतर

ढोबळमानाने चार प्रकार पडतात. एक म्हणजे वेळ विकायचा, डिलिव्हरी, शनिवार-रविवारची शिफ्ट, कुणाची मुलं किंवा म्हातारी माणसं सांभाळणं. पैसे लगेच येतात, पण तुम्ही थांबलात की ते पण थांबतात आणि दर फारसा वाढत नाही. दुसरा, कौशल्य विकायचं, शिकवणी, भाषांतर, छोट्या दुकानांचे हिशोब लिहिणं, डिझाइन, शिवण, दुरुस्ती. पहिलं गिऱ्हाईक मिळायला महिना-दोन महिने जातात पण नाव झालं की दर वाढवता येतो. तिसरा, वस्तू विकणं किंवा आपली वस्तू, जागा भाड्याने देणं, यात आधी पैसे अडकतात. चौथा, एकदा बनवून ठेवायचं आणि मग पुन्हा पुन्हा पैसे, व्हिडिओ, रेकॉर्ड केलेला कोर्स वगैरे.

चौथ्या प्रकाराचं सगळ्यांना आकर्षण, म्हणून त्याचं गणित सांगते. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लांब व्हिडिओंच्या मार्गाने गेलात तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. बघणारा सरासरी ३ मिनिटं थांबला, तर ८०,००० वेळा कुणीतरी व्हिडिओ उघडायला हवा. आणि एवढं झालं की पैसे *सुरू* होतात, जास्त येतात असं नाही. मी करू नका म्हणत नाहीये, आवड असेल तर जरूर करा, पण पुढच्या महिन्याचा हप्ता त्यावर टाकू नका.

पैशाची घाई असेल तर पहिला किंवा दुसरा प्रकार घ्या. माझं वैयक्तिक मत, नोकरीत जे काम येतं त्याच्या शेजारचं काहीतरी घ्यावं. अकाउंट्समध्ये असलेल्या माणसाने मेणबत्त्या शिकण्यापेक्षा दोन दुकानांचे हिशोब घेतलेले बरे.

पायरी ४: खरा ताशी दर

आता माझा तो हिशोब. महिन्याला ९,००० येत होते आणि मी धरून चालले होते की ३० तास भाषांतर करते, म्हणजे तासाला ३००. छानच की. मग एक महिना सगळं टिपलं. भाषांतर ३० तास, बरोबर. पण दुरुस्त्या ९ तास. गिऱ्हाइकाशी फोन, मेल, "जरा एवढं बघाल का" यात ५ तास. नवीन काम शोधणं आणि फुकट नमुने करून देणं ४ तास. बिल बनवणं आणि पैशासाठी मागे लागणं २ तास. झाले ५०. आता खर्च, कामं ज्या साइटवरून यायची तिचं कमिशन २० टक्के म्हणजे १,८००, आणि इंटरनेट, सॉफ्टवेअर, वीज यातला माझा हिस्सा ७००. हातात उरले ६,५००. भागिले ५०. तासाला १३०.

तीनशे कुठे आणि एकशेतीस कुठे. त्यातून कर अजून जायचाच होता. वर ते क्रेडिट कार्डाचं ६०० व्याज सांगितलं ना, ते फेडायला मला साडेचार तासांच्या वर काम करावं लागलं असतं.

सूत्र एवढंच: महिन्यात आलेले पैसे वजा सगळे खर्च, भागिले *सगळे* तास. ज्या तासाचे कुणी पैसे देत नाही तो पण धरायचा. प्रवास, तयारी, मेसेजला उत्तरं, सामान आणणं, आवराआवर.

गाडीवरची कामं करणाऱ्यांनी तर हे फार बारकाईने बघावं. पेट्रोल सगळ्यांना दिसतं, झीज दिसत नाही. टायर, ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंग, आणि गाडी विकताना कमी येणारी किंमत, हे सगळं किलोमीटरमागे धरायचं. किलोमीटरला नुसती दीड जरी झीज धरली आणि महिन्याला २,५०० किलोमीटर चालवली तर ३,७५० गेले, जे आज खिशातून जात नाहीत म्हणून कमाई वाटतात. रिकामं परत येतानाचे किलोमीटर पण मोजा. शिवाय घरगुती वापराच्या विम्यात धंद्यासाठीचा वापर बऱ्याचदा धरलेला नसतो, अपघात झाला तर क्लेम अडकतो, तेव्हा विमा कंपनीला आधीच विचारून ठेवा आणि उत्तर लेखी घ्या.

पायरी ५: दर ठरवणं, इथे बहुतेक जण फसतात

मला तासाला २०० सुटायला हवेत असं मी ठरवलं. आता ५० तासांतल्या ३० तासांचेच पैसे मिळतात, म्हणजे ६० टक्के. तर २०० भागिले ०.६, म्हणजे साधारण ३३३. हा दर मी सांगितला पाहिजे, २०० नाही.

त्यात साइट २० टक्के कापते. फायव्हर ही बाहेरची कामं मिळवून देणारी साइट काम करणाऱ्याकडून एवढंच कापते, बाकीच्यांचे दर वेगवेगळे, बदलतात पण, नोंदणी करायच्या आधी वाचून घ्या. आता लोक काय करतात, ३३३ मध्ये २० टक्के मिळवतात, ४०० सांगतात. पण साइट ४०० चे २० टक्के कापते, हातात ३२०. तेरा कमी पडले. बरोबर रीत म्हणजे ३३३ भागिले ०.८, साधारण ४१६. तीच गोष्ट वस्तूंच्या नफ्याची. १०० ला पडलेली वस्तू १२५ ला विकली की आपण म्हणतो २५ टक्के नफा, पण विक्रीच्या किमतीवर तो २० टक्केच असतो, आणि अशात कुणाला "चला २० टक्के सूट" दिली की १०० वर आलात, केलेलं सगळं काम फुकट. हे एकदा डोक्यात बसलं की सूट द्यायचा हात आपोआप आखडतो.

वस्तू बनवणाऱ्यांसाठी अजून एक. समजा कापडी पिशव्या शिवायच्यात आणि १५,००० चं मशीन घ्यायचंय. पिशवी २५० ला जाते. कापड, चेन, दोरा, पॅकिंग १३०, कुरिअरचा आपला हिस्सा २०, कमिशन २५. एका पिशवीमागे ७५ उरले. १५,००० भागिले ७५ म्हणजे २०० पिशव्या शिवल्यावर मशीनचे पैसे निघणार. आठवड्याला १० गेल्या तर २० आठवडे. एका पिशवीला पाऊण तास धरला तर १५० तास मशीनसाठीच राबायचं, त्यानंतर कुठे तासाला १०० सुटणार. मग वाईट आहे का धंदा? नाही, पण मशीन आधी उसनं किंवा जुनं घ्यायचं, ३०-४० पिशव्या खऱ्या अनोळखी माणसांना विकून बघायच्या, मग नवीन. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि बहिणीने, मावशीने घेतलेल्या पिशव्या मोजायच्या नाहीत, त्या प्रेमापोटी घेतात.

पायरी ६: नोकरीवाल्यांनी करारपत्र उघडून बघा

ही गोष्ट लोक टाळतात. अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरचं काम करायला बंदी, किंवा परवानगी घेऊनच करायचं, असं कलम असू शकतं. नसलं तरी तीन गोष्टी कटाक्षाने पाळा, ऑफिसचा लॅपटॉप वापरायचा नाही, ऑफिसच्या वेळेत करायचं नाही, आणि कंपनीच्या गिऱ्हाइकाला किंवा स्पर्धकाला सेवा द्यायची नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरून धंदा चालतो का हे घरमालकाला विचारा. खाण्याच्या वस्तू, सौंदर्यप्रसाधनं, लहान मुलांना सांभाळणं यांना बहुतेक ठिकाणी परवाना किंवा नोंदणी लागते, ती आधी, गिऱ्हाईक नंतर.

पायरी ७: पहिली तीन गिऱ्हाइकं

लोगो, व्हिजिटिंग कार्ड, पेज यात महिना घालवू नका (मी घालवला होता, पेजला ११ लाइक, त्यातले ९ नातेवाईक). ओळखीच्या ३० लोकांना एकेकाला वेगळा मेसेज करा, ग्रुपवर टाकू नका, ग्रुपवरचं कुणीच आपल्यासाठी आहे असं समजत नाही. मेसेज असा काहीसा: "मी सध्या छोट्या दुकानांचे महिन्याचे हिशोब लिहून देते. आठवड्यातून एकदा येऊन बिलं घेते, महिनाअखेरीला तक्ता देते. दोन जागा रिकाम्या आहेत. तुमच्या ओळखीत कुणाला लागत असेल तर माझा नंबर द्याल का?" बघा, यात त्यांना घ्या म्हटलेलं नाही, ओळखीत कुणी आहे का विचारलंय. त्यामुळे नाही म्हणायचा संकोच राहत नाही, आणि गरज असेल तर तेच म्हणतात, अगं मलाच हवंय.

पहिलं काम फुकट करू नका. सवलत द्यायची तर बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत वजा करून दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी "मागे तर एवढ्यात केलं होतं" हे ऐकावं लागत नाही.

काम सुरू करण्याआधी मेसेजवर का होईना पण लेखी घ्या, काय देणार, कधी देणार, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी. मी दोन दुरुस्त्या दरात धरते, तिसरीचे वेगळे. आणि आगाऊ रक्कम घ्या, निम्मी तरी. मला एका गिऱ्हाइकाने ४० पानं करून घेतली आणि मग फोन उचलणंच बंद केलं, तेव्हापासून आगाऊ आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. सुरुवातीला मागायला जीभ रेटत नाही पण खरं काम असलेला माणूस देतो हो, कुरकुर करतो तोच पुढे बुडवणारा निघतो, निदान माझा तरी अनुभव असाच.

फसवणूक, यावर जरा थांबते

घरबसल्या कमाई शोधणाऱ्यांनाच गाठणारे लोक खूप आहेत, कारण गरजू माणूस पटकन विश्वास ठेवतो. काम द्यायला कुणी पैसे मागितले, नोंदणी फी, ट्रेनिंग किट, परत मिळणारं डिपॉझिट, काहीही नाव असू दे, तिथेच थांबायचं. मी एकदा टायपिंगच्या कामासाठी डिपॉझिट भरलंय. मग काम आलं, मी केलं, आणि "अचूकता कमी पडली" म्हणून उलट दंड मागायला लागले, वकिलाची नोटीस म्हणून काहीतरी पाठवलं. घाबरून अजून पैसे भरणार होते, ऑफिसातल्या एका ताईंनी थांबवलं.

हल्ली जास्त चालतं ते टास्कचं. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, आणि खरंच थोडे पैसे खात्यात येतात. तोच गळाला लावलेला आमिषाचा तुकडा. मग "प्रीपेड टास्क", आधी थोडे भरा जास्त मिळतील, ॲपमध्ये आपला बॅलन्स फुगलेला दिसतो, काढायला गेलं की कर भरा, फी भरा. स्क्रीनवर दिसणारा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. त्याहून वाईट म्हणजे "तुमचं बँक खातं वापरू द्या, कमिशन देतो" हा प्रकार, यात दुसऱ्याच्या चोरीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरतात आणि पोलिस तुमच्या दारात येतात.

आणि माणसं जोडायची स्कीम. जिथे माल विकण्यापेक्षा माणसं आणण्याचे पैसे जास्त आहेत तिथे साधा गुणाकार करा. प्रत्येकाने ६ जण आणायचे म्हटलं तर तेराव्या थराला १,३०६ कोटी माणसं लागतात, आणि पृथ्वीवर आहेत साधारण ८०० कोटी. म्हणजे खालच्या थरातल्यांचे पैसे जाणारच, आणि आपण नेहमी खालच्याच थरात असतो. ठरावीक दिवसांत पैसे दीडपट करून देतो म्हणणारेही तसेच, १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के परतावा देतो असं सांगून हेच केलं होतं, नव्या लोकांचे पैसे जुन्यांना द्यायचे, नवे येईनासे झाले की खेळ खलास. शंभर वर्षं झाली, नुसतं ॲप नवीन आलंय.

पायरी ८: पैसे आले की

वेगळं खातं उघडा, साधं बचत खातं चालत असेल तर तेच. साईडचे सगळे पैसे त्यातच येऊ द्या आणि त्या कामाचे खर्च त्यातूनच करा. घरखर्चात मिसळले की महिनाअखेरीस कळतच नाही की कमावले किती. आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा हिस्सा बाजूला, किती ते तुमच्या तिथल्या नियमांवर आणि एकूण उत्पन्नावर आहे, पहिल्या वर्षी एकदा कर सल्लागाराला फी देऊन विचारून घ्या. बिलं, पावत्या जपून ठेवा, खर्च दाखवायला लागतात. बिलावर क्रमांक, तारीख, काम, रक्कम आणि पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख, एवढं पुरतं. शेवटची तारीख लिहिली नाही तर "देतो की" ला अंत नाही.

वर्षाचा अंदाज बांधताना ५२ आठवडे धरू नका. परीक्षा, लग्नकार्यं, ताप, दवाखाना, माझे दरवर्षी ४४ च्या आसपासच भरतात.

पायरी ९: घरात सांगून करा

हे शेवटी लिहितेय पण खरं तर पहिल्या आठवड्यातच करायचं. तुम्ही आठवड्याला जे तास काढणार ते कुणाच्या तरी वाट्यातून जाणार. भांडी कोण, मुलांचा अभ्यास कोण, सकाळी पाच ते साडेसहा दार वाजवायचं नाही, हे बसून ठरवा. नाहीतर जुनं सगळं काम तसंच राहतं आणि वर हे नवीन. आमच्याकडे पहिले चार महिने तसंच झालं, मग मी वेळेची ती वहीच जेवणाच्या टेबलावर ठेवली, बोलावं लागलं नाही फार.

पायरी १०: आठ आठवड्यांनी वही उघडा

सुरू करतानाच कॅलेंडरवर आठ आठवड्यांनंतरची तारीख मांडून ठेवा. त्या दिवशी खरा ताशी दर पुन्हा काढा आणि गिऱ्हाईकवार काढा. मी काढला तेव्हा सगळ्यात जास्त पैसे देणारं गिऱ्हाईकच ताशी हिशोबात सगळ्यात कमी देत होतं, रोज फोन, पाच-पाच दुरुस्त्या. त्याला दर दीडपट सांगितला, मनात धरून की जाईल. गेलं नाही, पण दुरुस्त्या दोनवर आल्या. मग फुकट नमुने बंद केले, साइट कमी करून ओळखीतून कामं घेतली, कमिशन वाचलं. आता महिन्याला ३५ तास जातात, दर १३० वरून २४० वर आलाय, आणि ३०० अजूनही लांबच आहेत.

आठ आठवड्यांनी दर ठरवलेल्या आकड्याच्या निम्मासुद्धा येत नसेल तर आधी किंमत वाढवून बघा, मग फुकटचे तास कापून बघा, दोन्ही करून अजून चार आठवडे द्या. तरी नाही आला तर त्या कामाची वही मिटवा आणि पायरी ३ वर जाऊन दुसरा प्रकार घ्या, वेळेची नोंद तर तयारच आहे तुमच्याकडे.